फेर्लेचं पोट कुणाच्या खात्यात

माझी सून फेर्ले लोकांना गाडी चालवायला शिकवते. शेजारी बसलेला पोरगा गाडी सरळ कालव्याच्या दिशेनं नेत असला, तरी ही बाई आवाज चढवत नाही. "आता जरा ब्रेक लावू या का?" असं विचारते. गाडीत हा गुण फार चांगला. इस्पितळात तोच तिच्या जिवावर उठला होता. त्या दिवसांत मी जेवढी वैतागले तेवढी आयुष्यात कधी वैतागले नव्हते. तीस वर्षं फ्रीटचं, म्हणजे तळलेल्या बटाट्यांचं, दुकान चालवूनही नाही, यावरून काय ते समजा.

ते दुकान आमच्या निनोवे गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. मी आणि माझा नवरा रॉजे बटाटे सोलायचो, कापायचो, दोनदा तळायचो, आणि लोक कागदाच्या पुड्यात घेऊन, वर मेयोनेझ ओतून, उभ्या उभ्या खायचे. फेर्ले दर शुक्रवारी यायची. अंगानं चांगली जाडजूड, आणि हसायला लागली की रांगेतल्या अनोळखी माणसालाही हसू फुटायचं. माझा मुलगा योरिस शुक्रवारी मदतीला यायचा. पुढे पुढे मदत नको असली तरी यायला लागला. त्यातून जे व्हायचं ते झालं.

लग्नानंतर मूल होईना. पाळी वर्षातून दोनदा-तीनदा, तीही तिच्या मनात आलं तर. बायकांच्या डॉक्टरकडे गेली, तो म्हणाला, आधी वजन कमी करा, मग बघू. हे तिला नवीन नव्हतं. गुडघा दुखला तर वजन, धाप लागली तर वजन. एकदा कान दुखतो म्हणून गेली, तर तिथेही आधी काट्यावर उभी केली.

"मग? कान किती किलोचा निघाला?" मी विचारलं.

फेर्ले हसली. पण गाडीत बसल्यावर तिनं बराच वेळ किल्ली फिरवली नाही.

उपासमारीचे सगळे प्रकार करून झाले. दहा किलो जायचे, बारा परत यायचे. शेवटी एकतिसाव्या वर्षी तिनं पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. बायपास म्हणतात त्याला. जठराचा अंड्याएवढा भाग ठेवतात, बाकीचा बाजूला टाकतात, आणि आतडं वर उचलून त्या अंड्याला जोडतात. रॉजे म्हणाला, "अख्ख्या गावाला आपण खाऊ घातलं, आणि आपल्याच घरात पोट कापून लहान करायची वेळ आली." मी त्याला सांगितलं, हे तिच्यासमोर बोललास तर तुझं तोंड शिवून लहान करीन.

वजन भराभर उतरलं. त्याबरोबर केसही उतरले. न्हाणीच्या जाळीत रोज मूठभर. पाळी सुरू झाली, अगदी वेळेवर, पण अशी की दुसऱ्या दिवशी ती शिकवणीच्या गाडीत सीटवर प्लास्टिक घालून त्यावर टॉवेल टाकून बसायची. त्या नव्या पोटातून लोह अंगाला लागत नाही, त्यात हे. चेहरा पिठासारखा पांढरा झाला. आमचा जिना चढताना मधे थांबून भिंतीवरचे फोटो बघत असल्याचं नाटक करायची. आणि नेमकं त्याच दिवसांत गावातलं जे कुणी भेटेल ते म्हणायचं, "फेर्ले, किती छान दिसतेस गं." बेकरीवाली मारिएट तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिचं गुपित काय, सांग की."

"अंगात रक्त नाहीये, हे गुपित," मी म्हटलं.

मारिएट हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. शेवटी नसेतून लोह चढवलं तेव्हा कुठे पोरीच्या ओठांना रंग आला.

ऑपरेशननंतर दीड वर्ष तरी दिवस राहू देऊ नका असं सांगितलं होतं. ती तेवढं थांबली. मग आणखी बरेच महिने निसर्ग थांबला. आणि एका सकाळी ती आमच्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मा, मला वाटतं मला दिवस गेलेत." रॉजे रडला. मी रडले नाही. मी घरातले सगळे पडदे काढून धुतले.

आता नव्या सूचना सुरू झाल्या. जी माणसं आधी तिच्या ताटाकडे बघून भुवया चढवायची, तीच आता म्हणायला लागली, दोघांचं खा, एवढंसं काय खातेस, बाळ बारीक होईल. तिला एका वेळी लहान वाटीभरापेक्षा जास्त जात नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. सांगून सांगून माझी जीभ दमली.

सहाव्या महिन्यात साखरेची तपासणी आली. पेलाभर दाट साखरपाणी एका दमात प्यायचं आणि नंतर रक्त द्यायचं. मी बरोबर होते. फेर्लेनं इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या मुलीला शांतपणे सांगितलं, "माझं बायपास झालंय. मला एवढी साखर एकदम चालत नाही."

"सगळ्या गरोदर बायकांना हीच तपासणी असते, मॅडम."

"हो, पण माझ्या पोटात ती थांबतच नाही. सरळ आतड्यात जाते."

"सगळ्यांनाच जरा मळमळतं, मॅडम."

फेर्लेनं पेला तोंडाला लावला. थोड्याच वेळात ती घामानं निथळायला लागली, हृदय असं धडधडायला लागलं की मला ब्लाउजवरून दिसत होतं, आणि मग ती खुर्चीतून उतरून त्यांच्या थंड फरशीवर कुशीला आडवी झाली. लोक पाय उचलून तिला ओलांडत होते. शेवटी रक्तातली एकदम चढलेली साखर इतकी खाली घसरली की तीच मुलगी बिस्किटं घेऊन धावत आली.

पुढच्या भेटीत इस्पितळातल्या बायकांच्या डॉक्टर वान आकरबाई म्हणाल्या, "बायपास झालेल्यांना ही तपासणी करायची नसते खरं तर. घरी बोटातून रक्त काढून बघतात."

"मग करायला कुणी सांगितली?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरमधून आपोआप निघते."

फेर्लेनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ब्रेक दाबतात तसा.

सातवा महिना उलटला आणि एका रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली होती. बियरमध्ये शिजवलेलं मटण तिच्यासाठी मी वेगळं, अगदी मऊ करून ठेवलं होतं. तीन-चार घास खाल्ले असतील, तिनं काटा खाली ठेवला आणि डाव्या बरगडीखाली हात दाबला.

"काय गं?"

"काही नाही. थोडं दुखतंय."

हे 'थोडं दुखतंय' मी पुढे इतक्यांदा ऐकलं की ते शब्द ऐकले तरी माझ्या अंगावर काटा येतो. काही खाल्लं की दुखणं यायचं, बरगडीखालून पाठीत जायचं, मग ओसरायचं. गावातले डॉक्टर म्हणाले, बाळ वर ढकलतंय, जळजळ असणार. गोळ्या दिल्या. गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. योरिस बियरच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो, तो कामाच्या पाळीवर होता. म्हणून मी तिला गाडीत घातलं आणि शहरातल्या इस्पितळाकडे निघाले.

"मा, आरशात बघ," ती पोट धरून म्हणाली.

"तू गप्प बस आणि दुखत राहा."

"दुखतंच आहे. पण मागे ट्रक आहे."

इस्पितळात बाळंतपणाचा विभाग चौथ्या मजल्यावर. तिथे तिच्या पोटाला पट्टा बांधला. बाळाचे ठोके घोडा दौडावा तसे खोलीभर ऐकू यायला लागले. सगळ्यांचे चेहरे उजळले. "बाळ मजेत आहे," नर्स म्हणाली.

"आणि आई?" मी विचारलं.

"कळा नाहीत. गर्भाशय शांत आहे. शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, मॅडम?"

"चार," फेर्ले म्हणाली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

चौथ्या मजल्याचा निकाल असा की हे बाळंतपणाचं नाही, पोटाचं असेल, खाली सर्जरीत दाखवा. सर्जरी दुसऱ्या मजल्यावर. तिथे एक तरणाबांड डॉक्टर आला. रक्त ठीक, ताप नाही, सोनोग्राफीत काही दिसत नाही. "गरोदरपणात असं होतं," तो म्हणाला. "वर दाखवून घ्या."

"आम्ही वरूनच आलोय."

"मग उत्तम."

 आम्ही घरी आलो.

परत गेलो. परत तेच. या वेळी चौथ्या मजल्यावरची एक जण म्हणाली, घास नीट चावता ना? जिनं चार वर्षं प्रत्येक घास लापशी होईपर्यंत चावलाय, तिला हा प्रश्न. दुसरा एक जण म्हणाला, पहिलं बाळंतपण आहे, मनावर ताण येतो, कुणाशी तरी बोलून बघा. दुसरा मजला म्हणाला, वरच्यांना विचारा. एका बाईच्या एकाच पोटात दोन विभाग, आणि मधल्या लिफ्टमध्ये आम्ही.

त्या संध्याकाळी योरिस म्हणाला, "मा, डॉक्टर म्हणताहेत तर असेल ताण."

"योरिस, तुझ्या कारखान्यात यंत्र खडखडायला लागलं तर तू त्याला ताण आलाय म्हणतोस का?"

"यंत्र वेगळं."

"हो. यंत्राकडे तू लक्ष देतोस."

तो उठून बाहेर गेला. फेर्ले भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "त्याला कशाला बोलतेस," ती म्हणाली. "मी बरी आहे." मला तेव्हा तिचाही राग आला. सगळ्यांपेक्षा जास्त तिचाच आला असेल.

गुरुवारी सकाळी मी तिच्या घरी गेले तर ती स्वयंपाकघरात फरशीवर दोन्ही हात टेकून, गुडघ्यांवर ओणवी. मांजर तिच्यासमोर बसून तिच्याकडे बघत होतं.

"काय करतेस?"

"असं केलं की जरा सुटल्यासारखं वाटतं." पाण्याचा घोटही पोटात ठरत नव्हता. मी योरिसला फोन केला आणि तिला गाडीत घातलं. या वेळी तिनं आरशाचं काही काढलं नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

पुन्हा चौथा मजला. पुन्हा पट्टा. पुन्हा घोडा. पुन्हा शून्य ते दहा.

"पाच," फेर्ले म्हणाली.

"हिच्या पाचावर जाऊ नका," मी म्हटलं. "हिचं डोकं कुणी कापत असलं तरी ही पाचच सांगेल."

"मा, गप्प बस ना."

वान आकरबाईंनी खाली फोन लावला, बोलल्या, फोन ठेवला. "सर्जरीवाले म्हणताहेत, आधी प्रसूतीचं कारण पूर्णपणे बाजूला करा."

"ते तुम्ही प्रत्येक वेळी बाजूला केलंत. आता ते ठेवायला बाजू उरली नाही."

"मी तुमची काळजी समजू शकते."

"मग स्कॅन का करत नाही?"

"गरोदर बाईचा स्कॅन आम्ही शक्यतो टाळतो. बाळाला किरण लागतात. सध्या दुखण्यावर औषध देऊ, उद्या परत बघू."

तेवढ्यात खाट करकरली. फेर्लेनं पट्टा स्वतःच सोडला होता आणि ती खाली उतरत होती. नर्स पुढे झाली, तिला तिनं हातानं थांबवलं. जमिनीवर गुडघे टेकले, खुर्चीच्या बैठकीवर कपाळ ठेवलं, आणि तशीच, तोंड खाली करून बोलायला लागली.

"पाच म्हणाले ते खोटं होतं. चार म्हणाले तेही खोटं. मी दहा म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, जाडी बाई नाटकं करते. आयुष्यभर तेच ऐकलंय मी. आता जाडी नाही, तरी तोंडातून दहा निघत नाही."

नर्सनं सुटलेला पट्टा उचलून खाटेवर ठेवला.

"बाळाचे ठोके तुम्ही ऐकलेत," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढत गेला, बाहेर कॉरिडॉरमध्ये माणसं थांबली इतका. "दर वेळी ऐकलेत. मला कोण ऐकणार? मी आत मरतेय. खालचा मोठा सर्जन इथे येऊन पोटाला हात लावत नाही तोपर्यंत मी इथून उठणार नाही. पोलीस बोलवायचे तर बोलवा."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. माझे गुडघे असे आहेत की एकदा बसले की मला उठवायला क्रेन लागते, तेव्हा हे नुसतं दाखवायला नव्हतं. वान आकरबाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी पुन्हा फोन उचलला, आणि या वेळी त्यांचा स्वर वेगळा होता. "नाही," त्या म्हणाल्या. "तू नको. तितेका आहेत का? त्यांनाच पाठव. आत्ता."

डॉक्टर तितेका म्हणजे पन्नाशीची, आखूड केसांची बाई निघाली. तिनं खोलीत आल्यावर कुणालाच काही विचारलं नाही. ती सरळ फरशीवर फेर्लेसमोर बसली.

"बायपास कधी झालं?"

"चार वर्षं होतील."

"वजन किती उतरलं?"

"साठ किलो."

"खाल्ल्यावर दुखतं? पाठीत जातं? आणि असं ओणवं झालं की कमी होतं?"

"हो," फेर्ले म्हणाली. तिन्ही प्रश्नांना एकच हो. मग ती रडायला लागली. दुखत होतं म्हणून नव्हे, एवढं मला कळलं.

तितेकाबाई उठल्या. "आतडं घसरून अडकलंय असं मला वाटतं. एवढं वजन उतरलं की पोटाच्या आत फटी मोकळ्या होतात. गर्भाशय वाढतं, आतडं वर ढकललं जातं आणि फटीत शिरतं. स्कॅन लगेच. त्यात दिसलं नाही तरी मी आत बघणार आहे."

"बाळाला किरण..." वान आकरबाई म्हणाल्या.

"आई गेली तर बाळ कुठे राहणार आहे?"

पुढचं सगळं इतकं भराभर झालं की एवढे दिवस हे का होऊ शकलं नाही, या विचारानंच मला चक्कर आली. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून फेर्लेला इंजेक्शन दिलं, स्कॅन झाला, आणि तिला आत नेलं. मला उठवायला खरंच दोन माणसं लागली. योरिस कामाच्या कपड्यांत आला, हात ग्रीसनं काळे. दुपारभर आम्ही दोघं एका बाकावर बसलो. त्याच्याकडून एकच वाक्य आलं.

"मी म्हणालो होतो ताण असेल."

"म्हणाला होतास," मी म्हटलं. त्याची समजूत घालायला माझ्याकडे त्या दिवशी काहीच शिल्लक नव्हतं. पण मी त्याचा काळा हात धरून बसले.

तितेकाबाई बाहेर आल्या. आतड्याला पीळ पडला होता. जांभळं झालं होतं. सोडवल्यावर हळूहळू रंग परत आला, कापावं काही लागलं नाही. दोन फटी होत्या, त्या शिवून टाकल्या. बाळाचे ठोके ठीक. "उद्यापर्यंत थांबलो असतो तर..." त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. योरिसनं तोंड हातांत घेतलं. दोन्ही गालांवर ग्रीस लागलं, ते रात्रीपर्यंत कुणी पुसलं नाही.

बाळ पोटात राहिलं. अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, ठणठणीत. मार्थे नाव ठेवलं. लोकांना मी सांगते, बाळ बारीक वगैरे काही झालं नाही.

वाटलं होतं, विषय संपला. पण फेर्लेनं इस्पितळाच्या तक्रार कक्षाकडे बैठक मागितली. मी म्हटलं, "कशाला? जीव वाचला ना." मीच म्हटलं हे, जमिनीवर बसणारी. ती म्हणाली, "माझा वाचला. माझ्यामागून कुणी येईल तिच्याबरोबर तू नसशील."

बैठकीला वान आकरबाई आल्या, तितेकाबाई आल्या, तो तरणाबांड डॉक्टरही आला. एका टेबलाभोवती दोन्ही मजले. तो पोरगा खाली बघून म्हणाला, "मी पोटाला हात न लावताच सोनोग्राफीवर विश्वास ठेवला. माझं चुकलं." वान आकरबाई म्हणाल्या, आमच्या पद्धतीत त्रुटी होती.

"पद्धत माझ्याशी बोलली नाही," फेर्ले म्हणाली. "तुम्ही बोललात."

वान आकरबाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "हो. मी बोलले. मला माफ करा."

बायपास झालेली गरोदर बाई पोट दुखतं म्हणून आली, तर अनुभवी सर्जननं तिला तिथल्या तिथे येऊन बघायचं, असं ठरलं. पाळतात की नाही, देव जाणे. माझा विश्वास बसायला वेळ लागेल.

आता मार्थे तीन महिन्यांची आहे. फेर्लेचं रक्त परत कमी झालंय, परत लोह चढवायचंय, केस परत गळताहेत. मागच्या आठवड्यात गावातल्या डॉक्टरांनी तिला दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या लिहून दिल्या. ती म्हणाली, "डॉक्टर, माझ्या आतड्यातून या गोळ्या पुरेशा शोषल्या जातात याचा भरवसा नाही. मला तांबी बसवायची आहे. आणि तांब्याची साधी नको, तिनं पाळी आणखी वाढते. हार्मोनवाली हवी." त्यांनी चष्मा लावून कॉम्प्युटरमध्ये बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

"हे मी त्यांना सांगायचं असतं का?" ती घरी येऊन मला म्हणाली. तिनं पर्स सोफ्यावर फेकली. ती वस्तू फेकते हे मी पहिल्यांदाच बघितलं. "मी गाडी शिकवते, मा. मी डॉक्टर नाही."

"आणखी एक मूल नको का मग?" रॉजेनं आतून विचारलं. त्याला कधी काय विचारावं हे कधीच कळलेलं नाही.

"बघू," फेर्ले म्हणाली. "आधी तितेकाबाईंना विचारीन." मग तिनं घड्याळ बघितलं, मार्थेला माझ्या मांडीवर दिलं आणि निघाली. बाहेर कोपऱ्यावर एक पोरगा तिची वाट बघत उभा होता. त्याची गाडी मागे घेण्याची परीक्षा पुढच्या सोमवारी होती.